खाडीतली जीवखूण

तारखोलच्या खाडीत कोण उतरलं, हे आता खाडीचं पाणीच सांगत असे. पाण्यात शिरलेला प्रत्येक प्राणी मागे काहीतरी सोडतोच. कातडीचा कण, घाम, थुंकी. त्यातल्या जनुकांवरून तो माणूस, मासा की खेकडा, हे ओळखता येतं. या अवशेषांना शास्त्रज्ञांनी ‘जीवखूण’ असं नाव दिलं होतं. खाडीच्या दोन्ही काठांना एकेक यंत्र बसवलेलं होतं. ते दर तासाला पाणी चाखायचं आणि त्यातल्या माणसांच्या खुणा मोजायचं. ज्या काठाचा आकडा मर्यादेबाहेर जाई, तिथल्या पर्यटन निवासाचा परवाना रद्द होई.

जयंती कुबलला या यंत्राचा भयंकर संताप येई, कारण ते तिनेच मागून आणलं होतं. दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या होत्या. पलीकडे डोंगर कापून उभा केलेला काचेचा रिसॉर्ट एकदाचा उघडा पडेल आणि आपलं झावळांनी शाकारलेलं सात खोल्यांचं निसर्गनिवास तरेल, अशी तिची खात्री होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रिसॉर्टचा आकडा जवळजवळ शून्य आला आणि तिचा मर्यादेच्या तिप्पट. परवान्याच्या नूतनीकरणापर्यंत तो खाली आणायची मुदत तेवढी तिला मिळाली.

यंत्रांची देखरेख डॉ. शर्वाणी लेले यांच्याकडे होती. त्यांनी शांतपणे समजावलं, की रिसॉर्टचे पाहुणे खाडीला शिवतच नाहीत. ते काचेआडच्या तलावात पोहतात, सांडपाणीही आतल्या आत फिरतं. जयंतीचे पाहुणे मात्र होडी वल्हवतात, चिखलात उतरून खेकडे बघतात.

“आणि त्यांनी डोंगर कापला, तो?”

“यंत्राला आपण माणसाच्या खुणा मोजायला सांगितलंय, जयंतीताई. डोंगराचं कुणी विचारलंच नाही. तुमच्या अर्जातही नव्हतं.”

जयंती चडफडली. होड्या बांधून ठेवल्या, पाहुण्यांना काठावरच बसवलं. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. उरलेल्या खुणा कोणाच्या, हे लेलेबाईंनी काठावर येऊन पाहिलं आणि सांगितलं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात मुळे, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या गावातल्या चौदा बायका. त्यांत तिची सासूही होती.

“गावची माणसं वेगळी नाही काढता येत?”

“जनुकांत गाववाला आणि पाहुणा असं काही नसतं.”

परवाना गेला, तर हाही काठ रिसॉर्टला मिळणार होता. जयंतीने बायकांच्या हातापाया पडून पंधरा दिवस मागून घेतले. तिच्या शब्दाखातर त्या थांबल्या. आकडा मर्यादेखाली आला आणि नवा परवाना हाती पडला. त्यात एक कलम होतं. या पंधरवड्याचा आकडा हीच यापुढे खाडीची मूळ स्थिती मानली जाईल. म्हणजे माणसाचा पाय न लागलेली खाडी हीच खरी खाडी, असं ठरलं होतं. तशी खाडी तारखोलात कुणी कधी पाहिलीच नव्हती.

सोळाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पाण्यात एका माणसाची जीवखूण सापडली होती. त्याला तासाभरात बाहेर काढायची जबाबदारी परवानाधारकाची.

जयंती धावत काठावर गेली. सासू ओणवी होऊन चिखल चाचपत होती. तिला हाक मारताना जयंतीला स्वतःचीच लाज वाटली.

“आये, भायर येवा.”

म्हातारी सरळ झाली. ती रागावली नव्हती, त्यामुळे जयंतीला जास्तच लागलं.

“इतक्या वरसांत त्या हॉटेलवाल्यांनी माका कधी पाण्यातसून भायर यी म्हणून सांगूक नाय गो,” ती म्हणाली. मग टोपलीतले मुळे तिने परत पाण्यात सोडले आणि ती बाहेर आली.