मार्वाची सही

आयोनी पॅस्ली वकिलाशिवायच कोर्टात उभी राहिली. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर तीस वर्षं शिवणकाम केलेली विधवा बाई. अर्जही तिने स्वतःच लिहिला होता. दीर युस्टेसने राहत्या घरावर दावा लावला, ती हजर राहिली नाही म्हणून एकतर्फी निकाल झाला. तिचं म्हणणं एवढंच होतं, "नोटीस मला पोचलीच नाही, मॅडम. मग या कोर्टाचा माझ्यावर अधिकार कसला?"

नोटीस दिली म्हणतात त्या दिवशी ती किंग्स्टनला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेली होती. घराला कुलूप. इस्पितळाचा कागद तिने पुढे केला.

बेलीफ टलक शपथेवर म्हणाला, "घरात मुलगी होती. विशीतली. तिनेच नोटीस घेतली, सही केली."

"रस्ता चुकून भलत्याच घरी गेला असाल, साहेब."

"तोंडात टाचण्या धरून झग्याची पट्टी दुमडत होती. टाचण्या काढल्या आणि म्हणाली, आई डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीय."

पंख्याखाली कागद फडफडले. न्यायाधीशबाईंनी पोचपावती आयोनीपुढे सरकवली. 'मार्वा पॅस्ली.' शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. शाळेत असल्यापासून त्यावरून पोरीला बोलणी बसायची.

मागच्या बाकावर युस्टेसने हळूच टोपी काढली. अकरा वर्षांपूर्वी मार्वाच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता.

"मिसेस पॅस्ली, तुमच्या घरात अशी कुणी राहत नाही, एवढं शपथेवर सांगा. निकाल रद्द करते."

एक 'नाही' पुरेसं होतं. घर वाचत होतं.

आयोनीने त्या सहीवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

"राहते," ती म्हणाली. "लेक आहे माझी."

अर्ज फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर तिने टलकला गाठलं.

"बरी दिसत होती का हो?"

"हो. जरा वाळलेली वाटली."

"जेवली होती?"

"ते मी कसं विचारणार, बाई?"

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, टलक ताबा घ्यायला आला. मशीन, ट्रंका, पलंग, सगळं गाडीत चढलं होतं. आयोनीने कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात दिली.

किल्ली फिरली. दार हललं नाही.

त्याने खांदा लावून पाहिला. मग दोन पावलं मागे सरकला.

आयोनी पुढे झाली. दाराला कपाळ टेकलं.

"उघड गं पोरी. हरले मी."



मग आतली कडी सावकाश सरकली.