सगळ्या पट्ट्या जागेवर!

"मी वाजवणार नाही!" आजीने पट्ट्यांवरचं झाकण हळूच मिटलं. "मधले सूर मला ऐकूच येत नाहीत. कान गेले माझे. संपलं!"

ताई, तिचा भाऊ बडबड्या आणि शेजारची शिट्टी, तिघंही खुर्च्या मांडता मांडता थबकली. रविवारी याच हॉलमध्ये ज्येष्ठांच्या केंद्रासाठी आजीचा पियानोचा कार्यक्रम होता. जमणाऱ्या पैशांतून वरच्या वाचनालयापर्यंत लिफ्ट होणार होती. आजीची चाकाच्या खुर्चीतली मैत्रीण दोन वर्षं तिथे जाऊ शकली नव्हती.

"वयाप्रमाणे व्हायचंच, बाई," केंद्राचे सेक्रेटरीकाका म्हणाले. "आपण रेकॉर्डिंग लावू. तुम्ही नुसते हात हलवा. कुणाला कळतंय!"

आजी खिडकीशी जाऊन बसली. चाळीस वर्षं पियानो शिकवलेली तिची बोटं खिडकीच्या कठड्यावर आवाज न करता चालत राहिली. ते बघून ताईला रडूच आलं.

दुपार होती. पडद्यांतून पिवळं ऊन झिरपत होतं आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. काका गेले, आजीला डुलकी लागली आणि सगळा हॉलच पेंगुळल्यासारखा झाला.

"एक सांगू?" शिट्टी कुजबुजली. कुठलीही चाल एकदा ऐकली की ती शिट्टीवर वाजवायची, म्हणून तिचं हे नाव. "मधले सूर मलाही बारीकच ऐकू आले."

"मग तुझेही कान गेले! दोघींत मिळून एक कानाचं यंत्र घ्या!" बडबड्या म्हणाला.

"गप रे! कापूस आण," ताई म्हणाली.

प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस ताईने आणि बडबड्याने कानांत कोंबला. शिट्टीने डावीकडून एकेक पट्टी दाबली. शेजारच्या माणसाच्या स्वप्नात कुणीतरी वाजवत असावं, तसे सूर लांबून येत होते. पण बारीक झाले होते ते सगळेच!

"बघा!" ताईने कापूस उपटला. "कान गेले तर सगळेच सूर बारीक व्हायला हवेत. आजीला मधलेच कसे ऐकू येत नाहीत?"

मोठ्या माणसांचं असंच असतं. एकदा 'वय झालं' म्हटलं की चौकशी बंद!

"ए! हात लावायचा नाही!" सेक्रेटरीकाका दारात उभे! "सोमवारीच सूर जुळवून घेतलेत. त्या ट्यूनरला तर भलतीच काळजी! 'माझी पट्टी राहिली का बघा' म्हणून दोनदा फोन! मी मोजल्या. अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी! सगळ्या पट्ट्या जागेवर!"

काका तणतणत निघून गेले.

"केंद्राच्या पियानोची पट्टी 'माझी' कशी?" ताई पुटपुटली. बडबड्या विचार करत गुडघा खाजवू लागला. काल सायकलवरून आपटल्यावर आईने तो बांधून दिला होता.

"खाजवू नकोस, पट्टी सुटेल!" शिट्टी म्हणाली. तिघंही गुडघ्याकडे बघत राहिली.

"कापडाची पट्टी! ती आत तारांतच राहिली असणार!"

पण पियानोच्या वरच्या मोठ्या झाकणावर काकांनी टेबलक्लॉथ आणि फुलदाणी थाटली होती. बडबड्या ऑफिसात पळाला. "काका, पियानोवरची फुलं सुकलीत. बदलू? धूळही पुसतो!"

"वा! गुणाची पोरं!"

झालं काम! फुलदाणी खाली आली, दोघींनी जड झाकण उचललं, बडबड्याने काठीचा टेकू दिला. आत सोनेरी उजेडात तारांचं रान पसरलं होतं. एकेका सुराला तीन-तीन तारा, आणि मधोमध त्यांच्यातून नागमोडी गेलेली लोकरीची लांब लाल पट्टी!

"ओढू?" बडबड्याने विचारलं.

"हात लावू नकोस! ट्यूनरकाकांना फोन कर!"

अर्ध्या तासात ट्यूनरकाका धापा टाकत आले. "अरे देवा! दोन दिवस गादीखाली शोधतोय! जुळवताना तिनांतल्या दोन तारा गप्प ठेवायला घालतात ही. मध्येच घरून फोन आला, परत आलो आणि पुढचं झालंय समजून झाकण लावलं!"

सेक्रेटरीकाकांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा पट्ट्यांकडे. मग रुमालाने कपाळ पुसलं.

राहिलेल्या तारा जुळल्यावर ताईने आजीला हाताला धरून आणलं. आजीने भीत भीत मधली एक पट्टी दाबली. भरदार सूर हॉलभर पसरला आणि आजीचे डोळे वाहू लागले.

"ऐकू येतंय गं! सगळं ऐकू येतंय!"

रविवारी संध्याकाळी एकही खुर्ची रिकामी नव्हती. आजी वाजवू लागली तशी म्हातारी माणसं डोळे मिटून कुठे कुठे जाऊन आली. पहिल्या रांगेतली तिची मैत्रीण मांडीवर बोटांनी ताल धरत हसत होती. बडबड्यासुद्धा जवळजवळ गप्प होता.

शेवटी काकांनी माइकवर तिन्ही पोरांची नावं घेतली. "मी पट्ट्या मोजल्या, यांनी डोकं चालवलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

आजी उठली. "शाबास, माझ्या पोरांनो! आणि बडबड्या, वाजवताना मागून दोनदा 'भूक लागली' ऐकू आलं मला."

"तीनदा म्हणालो होतो, आजी!"

"तिसऱ्यांदा ताईने तोंड दाबलं तुझं. तेही ऐकलं!"