हाडाची तोटी

बाराच्या बारा बाटल्या भरलेल्या होत्या, प्रत्येकीत एक लिटर. त्याशिवाय कॅनमध्ये पिण्याचं पाच लिटर पाणी, पिशवीभर वाळवलेलं मांस, एक क्षारमापक, एक वही, एक जुनी रशियन व्हॅन आणि दोन माणसं: गाडी चालवणारे सेंगे काका आणि मी, हुलान.

गोबी वाळवंटाच्या दक्षिण टोकाला माणसं अजून कुठल्या विहिरींचं पाणी पितात ते शोधायचं, नमुने भरायचे आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, एवढ्यासाठी आम्ही एकोणीस दिवस फिरत होतो. बारावी बाटली गेलेग आजोबांच्या विहिरीची. त्या विहिरीभोवती पूर्वी सहा गेर, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, होते. आता एकच उरला होता. आजोबांच्या मोठ्या नातवाच्या दातांवर तपकिरी डाग पडले, तशी त्यांची मुलगी दोन्ही पोरांना घेऊन गावाला निघून गेली. मागोमाग शेजारीही गेले.

"पाण्यातलं फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या आत आलं तर बर्फाआधी परत येईन म्हणाली," बाटलीचं झाकण स्वतः घट्ट लावत आजोबा म्हणाले होते. "तेवढा आकडा कळव, पोरी."

या वाटेला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुसरं कोणी येणार नव्हतं.

त्यांच्याकडून निघून आम्ही चौऱ्याण्णव किलोमीटर आलो होतो. पुढचं गाव शहाऐंशी किलोमीटरवर. दगडी ओघळ ओलांडताना व्हॅन उडाली, आदळली, आणि समोरून वाफेचा लोट उठला!

"बंद करा! काका, बंद करा!"

"केलं गं बाई, ओरडतेस काय!"

खाली वाकून पाहिलं. रेडिएटरच्या खालच्या टाकीला जिथे जाड रबरी नळी बसते, ती तोटी मुळापासून मोडली होती. गरम पाणी वाळूत शिरत होतं. हात लावता येत नव्हता. ते थांबलं तेव्हा आठ लिटर गेलं होतं.

काकांनी मोडका तुकडा उचलला. जुना रेडिएटर पितळी होता. शेणाच्या जाळावरसुद्धा कथलाचा डाख देता आला असता. निघण्याआधी आठवडाभर त्यांनी तो काढून हा प्लास्टिकच्या टाकीचा बसवला होता, आणि रोज त्याचं कौतुक सांगितलं होतं.

"हलका आहे म्हणालात ना?" मी म्हटलं.

"आता अजून हलका झाला," काका म्हणाले.

फोनला खुणेपुरतीही रेघ नव्हती. काकांनी मांसाचा रिकामा डबा कापला, पत्र्याची गुंडाळी केली, ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळून टाकीत ठोकली आणि तारेने आवळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी लागेल."

मी क्षारमापक काढला. सर्वांत खारट बाटली आधी. प्रत्येक क्रमांकापुढे वहीत 'रेडिएटर' असं लिहिलं. आठ विहिरी, पंधरा दिवसांचं काम. भसाभसा ओतून सात मिनिटांत संपलं.

नऊ किलोमीटर गेलो. पत्रा फाटला! काकांनी लगेच इंजिन बंद केलं, तरी पाच लिटर गेलं.

आता चार बाटल्या आणि कॅनमध्ये चार लिटर. काकांनी व्हॅनचं तोंड वाऱ्याकडे करून ठेवलं होतं. ते बॉनेट उघडून सावलीत बसले. उत्तरेला कोरड्या नदीच्या पात्रापाशी काळसर ठिपके हलले आणि धुळीत विरले. रानगाढवं. उन्हाळ्यात ती पात्रात खुरांनी खड्डे करून पाणी काढतात.

"जा," काका म्हणाले. "आईबापांनी नाव रानगाढवाचंच ठेवलंय, मग हुंगून आण पाणी."

मी फावडं घेऊन निघाले. पावलं मोजत गेले: चार हजार तीनशे. मागे वळून पाहिलं तर हात लांब केल्यावर व्हॅन करंगळीच्या नखापेक्षा लहान दिसत होती. त्यानंतर दिसेनाशीच झाली. वारा एकाच सुरात वाहत होता. पावलांचे आकडे मनात मोजता मोजता मी मोठ्याने म्हणू लागले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. एकोणीस दिवसांत काकांची बडबड मला नकोशी झाली होती. आता त्यांनी गाढव म्हटलं असतं तरी बरं वाटलं असतं. गेलेग आजोबा एकटे असताना मोठ्याने बोलत असतील का?

पात्रात पाच खड्डे सापडले, सगळे कोरडे. सर्वांत खोल खड्डा आणखी सत्तर सेंटिमीटर खणला. ओलसर वाळू लागली. मुठीत दाबली तर गोळा झाला, पण थेंब निघाला नाही. मी फावड्यावर कपाळ टेकवून उभी राहिले.

तेव्हा काठाखाली हाडं दिसली. एक मोठी उंटीण आणि तिच्या मानेच्या वळणात पिल्लू. गेल्या हिवाळ्याच्या बर्फातली असावीत. उन्हाने पांढरीशुभ्र झाली होती. पिल्लाच्या नडगीचं टोक कोल्ह्याने कुरतडलं होतं आणि आत पोकळी दिसत होती. सरळ, स्वच्छ नळी! बुटाची नाडी काढून मी घेर मोजला: अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. म्हणजे व्यास एकतीस. टाकीचं भोक बत्तीसचं होतं.

मी तेवढं एकच हाड घेतलं आणि परतीच्या वाटेवर पावलं मोजायची विसरले.

"पाणी आणायला पाठवलं तर ही हाडूक घेऊन आली!" काका लांबूनच ओरडले. मग त्यांनी ते डोळ्याला लावलं, आरपार पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढली. पिल्लाला उद्देशून दोन शब्द पुटपुटले आणि करवतीचं पान उचललं.

नऊ सेंटिमीटरचा तुकडा. कडा घासल्या. अर्धा टाकीत, अर्धा रबरी नळीत, भोवती रबराच्या ताणून बांधलेल्या पट्ट्या. तीन बाटल्या ओतल्या आणि कॅनमधले दोन लिटर. वाफेचा दाब चढू नये म्हणून काकांनी झाकण सैल ठेवलं.

इंजिन सुरू! मी खाली आडवी पडून घड्याळ धरलं. मिनिटाला बावीस थेंब.

"चालेल?"

"चालवू," काका म्हणाले.

पंचवीस किलोमीटरवर साठ थेंब झाले. गाव एकतीस किलोमीटर उरलं तेव्हा एकशे चाळीस, आणि तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. कॅनमधलं पाणी आम्ही पिऊन आणि ओतून संपवलं होतं. काकांनी हात पुढे केला.

"ती बाटली दे."

"नाही."

"हुलान, म्हातारा वर्षभर थांबेल."

"त्यांची मुलगी थांबणार नाही. मी चालत जाईन."

"एकतीस किलोमीटर? बिनपाण्याची? वाटेत मेलीस तर म्हाताऱ्याला आकडा कोण सांगणार?"

मी बाटली पोटाशी धरून बसून राहिले. काका बरंच काही बडबडले. रानगाढवावर, शिकलेल्या मुलींवर, स्वतःच्या नशिबावर. मग सीटखाली हात घालून त्यांनी थर्मास काढला. गेलेग आजोबांनी निघताना भरून दिलेला खारा दूधचहा! दोन लिटर. मुक्कामाला पोचेपर्यंत थर्मास रिकामा करायचा नाही, हा काकांचा तीस वर्षांचा नेम. तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता. दिवसभर तहानलेले असतानाही त्यांनी थर्मास मला दाखवला नव्हता.

त्यांनी टोपणात थोडा चहा घेऊन माझ्या हातात दिला. थोडा स्वतः प्यायले. बोट बुडवून चार दिशांना शिंपडला. इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. उरलेला चहा त्यांनी रेडिएटरमध्ये ओतला.

उतू गेलेल्या दुधाचा वास व्हॅनभर पसरला. दोन किलोमीटरवर मी पुन्हा खाली पडून मोजलं. त्रेपन्न. आणखी पाच किलोमीटरवर अकरा. उकळून फाटलेलं दूध हाडाच्या आणि रबराच्या फटींत जाऊन बसत होतं.

"म्हाताऱ्याचा चहा दाट असतो," काका म्हणाले आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

सूर्य डोंगरामागे जाताना गावाची पहिली कुंपणं दिसली. गॅरेजवाल्याने हाडाची तोटी हातात फिरवून पाहिली आणि विकत मागितली. काकांनी ती परत घेतली आणि टोपीत ठेवली. दोन दिवसांनी नव्या रेडिएटरनिशी आम्ही जिल्ह्याला पोचलो.

बाटली क्रमांक बारा, गेलेग यांची विहीर. फ्लोराइड: लिटरमागे १.२ मिलिग्रॅम.