डावा पीळ

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट घेताना आधी आपला कॉम्प्युटर तो ओढू शकतो का हे पाहावं, मग घरात मोकळी जागा किती आहे ते, आणि शेवटी आपले डोळे. हे मला जुबेरने सांगितलं. जुबेरचं अमरावतीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझा मुलगा नितेश आणि तो कॉलेजपासूनचे दोस्त. आमच्या घरी खेळ खेळायचा जो मोठा पीसी आहे, तो या दोघांनीच आमच्या ओसरीत बसून जोडला होता. मी शेजारी बसून स्क्रू धरले होते.

आम्ही शेंदूरजनाघाटचे. संत्र्याचा बगिचा माझ्या वडिलांनी, जानरावांनी लावला. घरात मूल जन्मलं की एक झाड त्याचं. सून आली की तिचंही. पत्र्याच्या तुकड्यावर नाव रंगवायचं, आणि ती पाटी तारेने फांदीला बांधायची. माणूस गेलं की तेरवीच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याने ती पाटी उतरवायची आणि त्याच झाडाच्या आळ्यात, ओल्या मातीत दाबून टाकायची. तोवर गेलेलं माणूस बगिच्यातच पाणी देत फिरतं, असं आमच्या घरात मानतात. पाटी उतरवली की ते सुटतं. त्या दिवशी लहान पोरांना बगिच्यात नेत नाहीत, आणि त्यांच्यासमोर हा विषयही काढत नाहीत.

मी अक्षरं शिकलो ती याच पाट्यांवर, चाळिशीत. नितेश तेव्हा शाळेत होता. तो एकेक पाटी दाखवायचा, मी वाचायचो. चुकलो की हसायचा. तो डावखुरा होता. पाटी बांधताना तारेला पीळ द्यायचा तो उलटा, डावीकडे. त्याने बांधलेली तार सोडवताना माझी बोटं दर वेळी चुकत.

मग दुष्काळ आला. बोअर आटली, टँकरचं पाणी पुरेना. झाडं उभ्याने वाळली. तोडण्याआधी नितेशने प्रत्येक झाडाचे चहूबाजूंनी फोटो काढले. लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा तो, त्याला हे जमत होतं. त्या फोटोंमधून त्याने कॉम्प्युटरात अख्खा बगिचा उभा केला. खेळासारखा. बटण दाबलं की ओळीतून चालता येतं.

"बाबा, हेडसेट येऊ द्या," तो म्हणाला होता, "तुमाले तुमच्या बगिच्यात हिंडवून आणतो."

हेडसेट यायच्या आधी तोच गेला. हिवाळ्यात, भर उन्हात, वरूडच्या रस्त्यावर, मोटरसायकलवरून. तेरवीला मी उठलो आणि पुन्हा खाली बसलो. पाटी उतरवायला झाड नव्हतं. तोडलेल्या लाकडांबरोबर पाट्याही ट्रॅक्टरवर चढून गेल्या होत्या.

आकांक्षा त्याची मुलगी. बारावीला आहे. बाप गेल्यावर पीसी तिचा झाला. तिची आई, बेबी, अंगणवाडीत शिकवते. ती घरी असली की पीसी चालू केलेला तिला चालत नाही. आकांक्षाला हेडसेट हवा होता तो गाड्यांच्या शर्यती खेळायला. मला हवा होता एका पाटीसाठी. हे मी कोणाला सांगितलं नाही.

आम्ही सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलो. जुबेरने नितेशचा बगिचा आपल्याकडच्या मशीनवर टाकून ठेवला होता.

"काकाजी, हा पहिला पाह्यजा," तो म्हणाला. "जुना हाय, पन मजबूत. याले भिंतीवर दोन डब्बे ठोका लागते, ते तुमच्यावर नजर ठेवते."

"माह्यावर काहून नजर?"

"तुमी कुठं उभे हा, ते त्याले समजाले पायजे ना!"

"आबा, तुमच्यावर तर आजीनंच नजर ठेवली," आकांक्षा म्हणाली. जुबेर हसला. मीही हसलो. नितेश गेल्यापासून तिच्या तोंडून थट्टा मी ऐकली नव्हती.

जुबेरने तो टोप माझ्या डोक्यावर चढवला. मी त्याला टोपच म्हणतो. थोडा वेळ काळं, मग उजेड झाला आणि मी बगिच्यात उभा होतो.

पाट्या दिसत होत्या, पण त्यांच्यावरची अक्षरं पुसट होती, पाण्यातून पाहिल्यासारखी. बाकी सगळं ओळखीचं. जंभेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमांचे फुगीर सांधे, बुंध्याला लावलेला निळसर पांढरा लेप. पानं गच्च हिरवी होती. आळ्यात ओल होती, नुकतंच पाणी देऊन गेल्यासारखी चमकत होती.

मी टोप काढला. जुबेर समोरच्या स्क्रीनकडे पाहत होता. त्या स्क्रीनवर झाडं वाळलेली होती आणि जमिनीला भेगा होत्या.

"मी होतो तितंच हाय काय हे?" मी विचारलं.

"तेच हाय. तुमी पाह्यलं तेच स्क्रीनवर येते. कावून?"

"काई नाई. अक्षरं लागत नाईत याच्यातून."

दुसरा टोप नवा होता. त्याला भिंतीवरचे डबे लागत नव्हते, कपाळावरच त्याचे कॅमेरे होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा माझा चष्मा आत मावावा म्हणून जुबेरने मध्ये एक रबरी कडं बसवलं. दोन्ही भिंगांमधलं अंतर माझ्या डोळ्यांना लावून घेतलं. आकांक्षाने मागून पट्टा आवळला.

आता अक्षरं लागली. पहिल्या ओळीत वडिलांचं झाड. पाटीवर लिहिलेलं होतं, जानराव. त्याच्या पुढचं आशाबाईचं. माझी बायको. तिचीही पाटी फांदीला होती.

या दोन्ही पाट्या मी माझ्या हातांनी उतरवल्या होत्या. नितेशने फोटो काढले तेव्हा त्या झाडांवर काही नव्हतं.

पुढे माझं झाड होतं. पाटी नव्हती. बेबीच्या झाडाला नव्हती. आकांक्षाच्या झाडाला नव्हती. फांदीवर तारेचा नुसता वळ होता. आणि नितेशच्या झाडाला पाटी होती. तारेचा पीळ डावीकडे होता. तेवढं स्पष्ट दिसत होतं त्या टोपातून.

"वाचता आलं काय, काकाजी?"

"आलं."

आकांक्षाने टोप घातला. मी स्क्रीनकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ओठ थोडे उघडे होते.

"काय दिसून राहिलं, बेटा?"

"बगिचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "आबा, पाण्याचा आवाज पप्पानं कधी टाकला?"

जुबेरने मान हलवली. "आवाज नाई टाकला त्यानं. टाकाचा होता, पन राहून गेला."

टोप तिने उशिरा काढला.

मी जुबेरला बाजूला घेतलं. हातांनी काही उचलता येईल असा टोप हवा, म्हणालो. याचे हातात धरायचे दांडे अंगामागे गेले की हरवतात, असं त्यानेच सांगितलं होतं. अकोल्यातलं एक गिऱ्हाईक आपला वापरलेला हेडसेट विकत होतं, त्याचे दांडे पक्के होते, बोट न् बोट ओळखायचे.

"पन एक आयका," जुबेर म्हणाला. "पाट्या उचलता नाई येनार. तो फोटोच हाय, झाडाले चिपकेल. नितेश असता तर त्यानं सुटी करून देली असती. मले तेवढं येत नाई."

"अकोल्याचाच आण," मी म्हणालो.

तो हळूच म्हणाला, "काकाजी, घरी दोन दिवस वापरून पाहा. नाई जमलं तर मी वापस घेतो. लाजू नका."

हेडसेट आला. समोरच्या खोलीतली खाट आम्ही ओसरीत काढली. आकांक्षाने हातातल्या दांड्याने जमिनीवर, टोपातूनच दिसणारी रेघ मारून दिली. आत राहायचं. रेघेपाशी गेलं की डोळ्यांसमोर निळी जाळी येते. लांब जायचं असेल तर अंगठ्याने खिट्टी ढकलायची. ती दुपारी शर्यती खेळायची. मोठ्याने ओरडायची, वाकायची, हसायची. तिचं हसणं ऐकून शेजारच्या माणिकबाई डोकावून गेल्या. मला बरं वाटत होतं. हे सगळं शर्यतीसाठीच आणलं, असं धरून चालायला हरकत नव्हती.

एका दुपारी घरात कोणी नसताना मी टोप चढवला आणि नितेशच्या झाडापाशी गेलो.

हात पुढे केला. पाटी हाताला लागली.

जुबेर म्हणाला होता, ती चिकटलेली आहे. ती सुटली. हातातल्या दांड्यातून वजन कळत नाही, हे मला माहीत आहे. तरी मनगटाला पत्र्याचा भार कळला. खाली आळं ओलं होतं. फक्त वाकायचं होतं. पुढच्या ओळीत कुठे तरी पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात उतरत होतं, आणि कोणी तरी फावड्याने बांध फोडून देत होतं. मातीत फावडं बसल्याचा आवाज येत होता. माणूस दिसत नव्हता.

पाटी दाबली की तो सुटणार होता. फावडं थांबणार होतं.

मी ती पुन्हा फांदीला लावली. आणखी थोडे दिवस, म्हटलं.

त्या आठवड्यात आकांक्षाने शर्यती खेळणं कमी केलं. टोप घालायची आणि गप्प उभी राहायची. तिला कधी अडवलं नाही मी. ती कुठे उभी असते हे मला ठाऊक होतं. मीही तिथेच उभा राहत होतो.

बुधवारी मी बाजारातून आलो तेव्हा ती खोलीच्या मध्यभागी होती, डोक्यावर टोप, दोन्ही हात वर. काही बांधत असल्यासारखी.

"आकांक्षा."

"आबा, थांबा जरा." तिचा आवाज आनंदी होता. "माही पाटी सापडली. पप्पाच्या झाडाखाली, आळ्यात पडेल होती. चिखलात. धुतली अन् लावून देली."

भाजीची पिशवी माझ्या हातातून खाली गेली.

"कोनी सांगलं तुले लावाले?"

"कोनी नाई. पाटी झाडावरच राह्यते ना? लहानपनी पप्पानंच तर बांधली होती."

तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पोरांसमोर हा विषय काढत नाहीत.

मी टोप तिच्याकडून घेतला. पट्टा तिनेच बसवून दिला.

आकांक्षाच्या झाडाला पाटी होती. अक्षरं स्वच्छ. बाकी सगळ्या जिवंत माणसांची झाडं मोकळी होती. तिचं तेवढं भरलेलं होतं. झाडाला फुलं आली होती.

"पीळ कोनी देला, बेटा?"

"कोनता पीळ? मी त अडकवली नुस्ती."

तारेला पीळ होता. डावीकडे.

मी तिला चहा ठेवायला पाठवलं.

पाटी उतरवायची तर ती गेलेल्या माणसाची उतरवतात. तिची उतरवून मातीत दाबली तर मी काय केलं असं होईल? आणि तशीच राहू दिली तर? फावड्याचा आवाज थांबला होता. कोणी तरी ऐकत असावं तसा.

"नितेश," मी म्हणालो. "पोरीले राहू दे, बाबू. मी येतो ना."

मी तारेला हात घातला.

मी उलटा पीळ सोडवला. या वेळी बोटं चुकली नाहीत. तिची पाटी मी आळ्यात ठेवली नाही. बगिच्याच्या बाहेर, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर नेऊन ठेवली, नाव वर करून. मग माझ्या झाडापाशी आलो. आळ्यातली माती उकरली. माझी पाटी तिथे होती. खुशालराव. नितेशनेच रंगवलेली, र ची शेपटी लांब. ती घेऊन मी आकांक्षाच्या झाडाला, तिच्याच तारेत बांधली. पीळ उजवीकडे, माझ्या हातचा. तिची पाटी परत चढेल अशी रिकामी तार मागे ठेवायची नव्हती.

टोप काढला तेव्हा चहा झाला होता. आकांक्षा दारात कप घेऊन उभी होती.

"आबा, रडून राहिले काय?"

"टोपाच्या रबरानं डोये चुरचुरते," मी म्हणालो.

"जुबेर काकाले सांगू काय? वापस घेते म्हने तो."

"सांग."

जुबेर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. बगिचा पुसून टाकू का, असंही त्याने फोनवर विचारलं. मी नाही म्हणालो. एकदा तोडला, तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकांक्षा शिकवणीला गेली. जाताना मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ती म्हणाली, "आबा, मले काई झालं नाई." तिला खरंच काही झालेलं नव्हतं. तिच्या केसांना संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. आमच्या गावात त्या दिवसांत कुठेच बहार नव्हता.

ती वळणाआड गेल्यावर मी टोप एकदा शेवटचा घातला.

पाणी चालू होतं. फावडंही. धुऱ्यावर काही नव्हतं.

मी आकांक्षाच्या झाडापाशी गेलो. माझी पाटी जागेवर होती. वाऱ्याने हलली तेव्हा मागून पत्र्यावर पत्रा वाजला.

मागे तिची होती. दोन्ही पाट्या एकाच तारेत ओवलेल्या. मी दिलेला पीळ कोणी तरी सोडवला होता आणि पुन्हा घातला होता, डावीकडे, घट्ट.