मुंग्या लागलेली भिंत

भिंतीला मुंग्या लागल्या होत्या.

मैथिली चर्चच्या आत, कोपऱ्यातल्या भिंतीपाशी उकिडवी बसली. काळ्या मुंग्यांची बारीक रांग फरशीच्या फटीतून निघून भिंतीवर चढत होती आणि वर पुरुषभर उंचीपर्यंत पसरत होती. खाली काही सांडलेलं नव्हतं. वर घरटं नव्हतं. मुंग्या भिंतच चाटत होत्या.

तिने तळवा टेकवला. जयपूरच्या या चर्चच्या बाकी भिंती आरशासारख्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या गवंड्यांनी चुना घोटून घोटून आणलेली ती लकाकी. हा कोपरा मात्र निस्तेज होता. आणि गार.

"फादर, हा गिलावा कधीचा?"

"जुनाच असणार की, बाय." फादर पास्कू तुस्कानो मूळचे वसईचे, चर्चला देऊळच म्हणायचे. "मी जानेवारीत आलो. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी दुरुस्तीसाठी देऊळ बंद केलं. मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, शाळेच्या हॉलात होतो."

"मग इथे धुपाचा एवढा वास?"

"डिमेलो रोज येऊन धूप फिरवतात. आमचे सेक्रेटरी. भाविक माणूस."

धूप दाट होता. पण त्याच्या पदराआडून आणखी कसला तरी वास डोकावत होता. मैथिली साताऱ्याची, जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करणारी. ओलीचा वास तिला ठाऊक होता. हा तो नव्हता.

बाहेर पायरीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर एक कागद.

"मंजुषा," फादर हळू आवाजात म्हणाले. "नंदकिशोरची लेक. तो इथला सेवक, दर शनिवारी मिस्साचा प्याला तोच घासायचा. बारा दिवसांपूर्वी नाहीसा झाला, त्याच दिवसापासून मिस्साचा चांदीचा प्याला गायब आहे. रविवारपर्यंत खोली सोड, म्हणून नोटीस दिलीय. डिमेलोंनी लिहिली. मी सही केली."

मुलगी उठली. "दीदी, तुम्ही भिंती बघायला आलात ना? मग मेरे पापा को भी ढूँढिए. चोर नहीं हैं वो. खोली गेली तर गेली. पण चोराची मुलगी म्हणून मी इथून निघणार नाही."

ती शांतपणे बोलली. मैथिलीने तिच्या हातातली नोटीस घेऊन वाचली आणि अंगणाकडे वळली.

*

अंगणात भंवरलाल चुन्याचं टाकं ढवळत होता. तो चेजारा, म्हणजे इकडचा गवंडी, बापजाद्यांपासून चुन्यातला.

"नंदकिशोर नाहीसा झाला तेव्हा तू कुठे होतास?"

"होळीला गावी, मैडमजी. तो नाहीसा व्हायच्या आदल्या दिवशीच निघालो. चर्चची चावी डिमेलोसाहेबांना दिली. कल लौटा हूँ, अजून आत गेलो नाही."

"आणि नंदकिशोर? चोर होता?"

भंवरलालने ढवळणं थांबवलं. "वो? माझी पडलेली विडीसुद्धा उचलून हातात आणून द्यायचा. वर रागवायचा."

"चुन्यात काय काय घालतोस?"

"नीचे के मसाले में गूळ, मेथी. वरच्या हाताला, म्हणजे शेवटच्या थराला, फक्त दही."

"वरच्या हाताला गूळ घातला तर?"

तो मोठ्याने हसला. "तो चींटियों की बारात! असली चूक तर माझा नातूही करणार नाही."

मैथिली हसली नाही. ती चर्चभोवती फिरून खिडक्या मोजत गेली. उत्तरेच्या बाजूला बाहेरून नऊ. आत जाऊन मोजल्या, आठ. नववी, अरुंद फटीसारखी, त्या मुंग्यांच्या कोपऱ्यामागे होती.

*

ऑगस्टीन डिमेलो मूळचे पुण्याचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दुपारी ते हातात धुपाटणं घेऊनच आले.

"तुम्ही किती वर्षं येता इथे?"

"तीस. चर्चचा इतिहास मीच लिहिलाय." त्यांनी अभिमानाने पुस्तिका पुढे केली. "चुन्याची कृतीसुद्धा आहे हं, पान अकरा. जुन्या दप्तरातून काढली."

मैथिलीने पान उघडलं. चुना, गूळ, मेथी, दही. सगळं एका ओळीत. कुठल्या थराला काय, ते नव्हतं.

"त्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं?"

"भिंत. दुसरं काय असणार?"

"आणि बाहेरची नववी खिडकी?"

"शोभेची. जोडीला जोड हवी म्हणून काढायचे जुने लोक."

"मुंग्या कशाने लागल्या?"

"आता मुंग्यांचीही साक्ष काढणार का, मॅडम?" ते हसले. धुपाटणं उचलून त्यांनी कोपऱ्याकडे धूर सोडला.

मैथिली दाराकडे वळली. "मंजुषा, आत ये."

"तिला आत यायला मनाई आहे!" डिमेलो ओरडले.

"कुणाची?" फादरनी विचारलं. "मी नाही केली."

मंजुषा आत आली. चार पावलं चालली. कोपऱ्याशी थबकली.

"यहाँ तो दरवाज़ा था," ती म्हणाली. "घंटेच्या जिन्याचं. पापा तेल घालायला वर जायचे. पुढे कपाट असायचं, म्हणून बाकी कुणाला दार दिसायचं नाही."

मैथिलीने अंगणातल्या भंवरलालला हाक मारली.

*

"भंवरलाल, आतल्या अंगाने फोड. हळू," मैथिली म्हणाली. मग ती डिमेलोंकडे वळली.

"फादर नवे, त्यांना दार ठाऊक नव्हतं. भंवरलाल गावी. चावी तुमच्याकडे. चेजाऱ्याने भिंत घातली असती, तर वर गूळ घातला नसता आणि घोटून लकाकी आणली असती. ही भिंत पुस्तकातून शिकलेल्या माणसाची आहे. तुम्ही पान अकरा वाचून गूळ वरच्या थरात घातलात. मुंग्यांनी ते ओळखलं. धूप देवासाठी नव्हता. मागून येणारा वास झाकायचा होता. आणि दार कुठे होतं हे जाणणारी एकटी ही मुलगी. म्हणून तिला आत यायला मनाई, म्हणून रविवारची घाई."

पहिली वीट निघाली. फादरनी क्रूसाची खूण केली.

दुसरी. तिसरी. चुन्याने पांढरा झालेला एक हात दिसला. मुठीत प्याला होता. भंवरलालने तो उचलला आणि चमकून पाहिलं. "ही चांदी नाही. पीतल है, वर्ख मारलेलं."

"जुन्या शहरात, चारदीवारीत करून घेतलेली नक्कल. खरा तुम्ही नेलात," मैथिली म्हणाली. "दर शनिवारी खरा प्याला घासणाऱ्या नंदकिशोरच्या हाताला वजनातला फरक कळला. होय ना?"

डिमेलो बाकावर बसले. "मी फक्त ओढला प्याला. तो सोडेना. जिन्यावर होतो आम्ही. पाय सरकला त्याचा, खाली पडला तो उठलाच नाही. रात्रभर मनाशी म्हणत होतो, सांगेन. मग चुना समोर दिसला."

खरा प्याला पोलिसांना त्यांच्या कपाटात मिळाला.

*

रविवारी खोली कुणी रिकामी केली नाही. शवपेटी अंगणात ठेवली होती. इतके दिवस मिस्साला मंजुषाच्या बाकापासून लांब सरकून बसणारी माणसं आज खांदा द्यायला पुढे आली. कुणी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुणी डोळे पुसले.

मंजुषाने सगळ्यांकडे पाहिलं. मग ती लांब, कुंपणाशी उभ्या असलेल्या भंवरलालजवळ गेली.

"काका, आप आगे."

"बेटी, मी तर तुमच्या धर्माचा नाही..."

"आप आगे."

त्याने हात धोतराला पुसले आणि पुढचा खांदा दिला. दुसरा मैथिलीने. फादर जड क्रूस उचलून, रिवाजाप्रमाणे, सगळ्यांच्या पुढे उभे राहिले.

"फादर." मंजुषाचा आवाज खाली होता. "नोटिशीवर सही तुमची होती. आप पीछे."

फादर पास्कूंनी मान खाली घातली. क्रूस तिच्या हातात देऊन ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.