मेणानं बुजवलेली नळी

मधमाशी थेट माझ्या मीटरच्या काचेवर येऊन बसली, म्हणून मी आधी किंचाळले आणि मग वर पाहिलं.

"काही करणार नाही ती," पिकअपमधून उतरणारा तरुण म्हणाला. "नवीन माणसं बघायला आवडतं तिला."

"इथे गाड्यांचे नंबर लागतात, माश्यांचे नाही. आत घ्या गाडी."

तो हसला... आणि मी, शमीरन बदाल, सहा वर्षं गाड्या तपासणारी परवानाधारक बाई, पाना उलटा धरून उभी राहिले.

दुआर्ते त्याचं नाव. आमच्या टरलॉक गावाभोवतीच्या बदामाच्या बागांत तो मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा. मार्च सरत आला होता, बदाम झडून गेला होता, आणि शुक्रवारी त्याला पेट्या लादून वॉशिंग्टनच्या सफरचंदांच्या बागांकडे निघायचं होतं. पण एक्क्याण्णव सालच्या त्या पिकअपला आमचं प्रदूषण-तपासणीचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तिची नोंदणी होत नव्हती. शुक्रवार हुकला तर बागवाला दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होता, म्हणजे त्याचं वर्ष वाया. हे सगळं त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

धुराच्या चाचणीत गाडी पास झाली. राहिली वाफेची. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती नळ्यांतून कोळशाच्या डबीत नेलेली असते. ती सगळी वाट घट्ट आहे का, ते बघायचं. डबीजवळची नळी चिमट्यानं दाबायची, टाकीच्या तोंडाला आमचं झाकण बसवून थोडी हवा भरायची आणि दोन मिनिटं काट्याकडे बघत राहायचं. त्या दोन मिनिटांत कुणालाच काही काम नसतं. सगळी पंचाईत तिथेच झाली.

"तुम्ही नेहमी काट्याकडे इतकं प्रेमानं बघता?" त्यानं विचारलं.

"काटा उगाच बडबड करत नाही."

"मी गप्प बसलो तर माझ्याकडे बघाल?"

"प्रयत्न करून बघा —"

तो खरंच गप्प बसला. मी खरंच पाहिलं. तेवढ्यात काटा घसरला.

"नापास," मी म्हणाले. "कुठली तरी नळी गळतेय."

"मग दुरुस्त करा ना!"

"आमचं केंद्र फक्त तपासणीचं. दुरुस्तीला हात लावला तर माझा परवाना जाईल."

बुधवारी तो पुन्हा आला. मधाची बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"ही लाच का?"

"नाश्ता."

"मग तुम्हीच खा."

या वेळी काटा जागचा हलला नाही. एक मिनिट... दीड... दोन. दुआर्तेनं टाळी वाजवली. पास झाला, म्हणजे हा गेला! इतक्यात मला वास आला. पेट्रोलचा नव्हे, मेणाचा. टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरले. टाकीच्या तोंडाशी असलेल्या रबरी नळीवर पिवळंधमक मेण थापलेलं, वरून चिकटपट्टी.

"हे काय आहे?"

"भेग होती. बुजवली," तो अभिमानानं म्हणाला. "आमच्याकडे आजोबांपासून सगळं मेणानंच बुजवतात. पेट्या, डबे, गळकं छप्परसुद्धा."

"छपरात पेट्रोलची वाफ नसते! एकदा ऊन तापू दे, सगळं वितळून जाईल."

केंद्राचे मालक योनान काका मला बाजूला घेऊन कुजबुजले, "पोरी, काटा टिकलाय. सोड की. आवडतो ना तुला?"

"आवडतो म्हणूनच नाही सोडत, काका."

आणि मी नापासचा कागद काढला. दुआर्तेचा चेहरा लाल झाला.

"मी इथेच अडकून पडावं, असंच वाटतंय तुम्हाला!"

ते अर्धं खरं होतं. तो दार आपटून निघून गेला. मधाची बाटली राहिली. गुरुवारभर मी तिच्याकडे बघत स्वतःला बजावत होते, बाई, तू बरोबर केलंस. तरी रडू यायचं ते आलंच.

शुक्रवारी सकाळी दार उघडतेय तर पिकअप समोर उभी. दुआर्तेच्या बोटांना पट्ट्या, डोळे लाल.

"मापाची नळी मिळेना. चार गावं पालथी घातली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तपासा."

मी गाडीखाली जाऊन पाहिलं. नवी नळी, दोन्ही टोकांना घट्ट पट्टे. चिमटा लावला, हवा भरली. दोन मिनिटं सुरू झाली.

"बुधवारी तू म्हणालास ते..." मी तुम्हीवरून तूवर कधी आले, माझं मलाच कळलं नाही. "काटा पडावा असं मला वाटत होतं. पण मी तो पाडला नसता."

"मला माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "घरी जाऊन मेण काढायला गेलो, तर लोण्यासारखं हातात आलं. वाटेत काय झालं असतं कोण जाणे... आणि खरं सांगू? मला राग कागदाचा नव्हता. काटा टिकला तेव्हा तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला होता. मला आशा वाटली. आणि मग तू सरळ नापासच केलंस! कळेना, हिला मी हवाय की नकोय?"

"हवायस," मी म्हणाले. "धडधाकट हवायस."

काटा टिकला. मी नीट सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"सफरचंदाचा बहर कधी असतो?"

"एप्रिलच्या शेवटी. का?"

"काका, एप्रिलचा शेवटचा आठवडा मी नाही."

"विचारतेयस की सांगतेयस?" काका आतून ओरडले.

"सांगतेय!"

दुआर्ते कागद धरून बघतच राहिला. "तिथे लोकांना काय सांगू, कोण आहेस म्हणून?"

"खरं काय ते सांग."

"मग सांगेन, हिच्यावर माझं प्रेम आहे. आणि हिनं मला एकदा नापास केलंय."

"दोनदा," मी म्हणाले आणि काकांच्या देखत त्याला मिठी मारली.