गोळ्या मंजुळाजवळ असतात

मंजुळा होती तोवर प्रवासात आमचा एक नियम होता. रिव्हॉल्व्हर माझ्याजवळ, गोळ्या तिच्याजवळ.

नरडाण्याला माझा भुईमुगाच्या शेंगांचा व्यापार. मालासाठी घाट चढून मध्य प्रदेशात, सेंधव्याकडे जावं लागे. सोबत रोकड असे, म्हणून बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. परवाना पक्का होता. धुळ्याला कचेरीत खेटे घालून त्यावर पलीकडच्या राज्याचीही नोंद करून घेतली होती. सहा गोळ्यांचीसुद्धा नोंद होती. सरहद्दीच्या नाक्यावर हत्यार उघडून रिकामं दाखवायचं, गोळ्या वेगळ्या दाखवायच्या, की पुढे जाऊ देत.

मंजुळाचं माहेर सेंधव्याचंच, त्यामुळे ती बऱ्याचदा बरोबर असे. माझा स्वभाव तापट. पहिल्याच फेरीला तिने गोळ्या मागून घेतल्या आणि पानाच्या चंचीत टाकल्या. ही चंची तिच्या डाव्या कमरेला खोचलेली असायची.

"बंदूक तुमना जोडे, गोया मना जोडे," ती म्हणाली. "दोन्ही एका हातमा नको."

एकदा घाटात जीप बंद पडली. झाडीतून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं. मी गोळ्या मागितल्या. तिने चंचीतून एकच काढून दिली.

"एकच?"

"एक बस शे."

त्या दिवशी ती लागली नाही. जीप चालू झाल्यावर तिने हात पुढे केला आणि गोळी परत घेतली.

मार्गशीर्षात ती गेली. न्यूमोनिया झाला होता. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. शेजारच्या सुमनबाईंनी चंची तिच्या कमरेला खोचली. "तिचं तिच्याबरोबर जाऊ दे," म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो. माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते चिता पेटल्यावर. मी ओरडलो, "मागे व्हा! सगळे मागे व्हा!" लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा तोल गेला. दोघांनी मला धरलं. मी कान देऊन उभा राहिलो. लाकडं तडतडली, तूप चरचरलं. दुसरा काही आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी राख मी स्वतः चाळली. हाडं मिळाली, जोडवी मिळाली. पितळेचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

मग घर पालथं घातलं. डबे, गोधड्या, देव्हाऱ्यामागची फट, सगळं बघितलं. गोळ्या नव्हत्या. ठाण्यात कळवायला हवं होतं. पण काय सांगणार? मी कळवलं नाही.

वैशाखात आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. माझी एकुलती एक लेक प्रमिला सेंधव्यालाच दिलेली. सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं. आदल्या दिवशी तिला आणायला मीच निघालो. मंजुळा नव्हती, तर निदान लेकीला घरी नीट आणावं, एवढंच डोक्यात होतं. पंधरवड्यापूर्वी घाटात एक जीप लुटली होती. अंगावरच्या दागिन्यांसाठी एका बाईचा हात मोडला होता. मी रिकामंच रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं. दाखवायला तरी होईल, असं वाटलं.

जीप सुपडू चालवत होता. आमच्याकडचा जुना ड्रायव्हर. मी पुढे त्याच्या शेजारी. मागे एक गोणपाट आणि पाण्याचं मडकं.

शिरपूर मागे पडल्यावर ऊन चढलं. रस्त्याचं डांबर चाकांना चिकटत होतं. सुपडू एरवी सारखा बोलतो. मीच म्हणालो, "का रे, तोंड शिवलं का बायकोने?"

तो हसला नाही. त्याने हात वर करून आरसा थोडा वळवला.

नाक्यावर नेहमीचा हवालदार होता. त्याने पिशवी उघडायला लावली. मी रिव्हॉल्व्हर काढलं, चक्री बाहेर घेतली. सहा घरं रिकामी. त्याने प्रत्येक घराला बोट लावलं.

"गोळ्या?"

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "मंडळींजवळ."

जीभ चावली. आता हा विचारणार, मंडळी कुठे आहेत? नोंदलेल्या गोळ्या गहाळ म्हणजे परवाना जाणार, मलाही बसवून ठेवणार, आणि प्रमिला तिकडे दारात वाट बघत राहणार.

हवालदार जीपच्या मागच्या बाजूला गेला. मी मान वळवली नाही. समोरच्या आरशात मला त्याचा फक्त हात दिसत होता. त्याने तळवा पुढे केला. थोडा वेळ तसाच धरला. मग बोटं मिटली, पुन्हा उघडली, आणि हात मागे घेतला.

तो पुढे आला आणि परवाना माझ्या मांडीवर ठेवला.

"बरोबर आहेत. जा." मग म्हणाला, "बाईंना पाणी द्या. ऊन फार आहे."

मी मागे बघितलं. गोणपाट होतं. मडकं होतं.

सुपडूने गाडी काढली. घाट संपेपर्यंत त्याची नजर पुन्हापुन्हा आरशाकडे जात होती.

प्रमिलाची सासू भिकुबाई बोलायला तिखट. "व्याही, लेकीला न्यायला तुम्हीच मुराळी का? या वयात?" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. शिदोरी दिली, लेकीला जपा म्हणाली. प्रमिला जड पावलांनी आली, माझ्या पाया पडायला वाकू लागली. मी थांबवलं.

"आबा, किती वाळलात हो तुम्ही," ती म्हणाली. धुळ्याला वसतिगृहात शिकलेली पोर. तिच्या तोंडी खानदेशी कधी नव्हती. आई खानदेशीत बोले, ही शहरी मराठीत उत्तर देई. त्यावरून मंजुळा तिला मॅडम म्हणायची.

ती मागे चढली. बाकावर अगदी कडेला बसली.

"मध्ये बस ना. बाक मोकळाच आहे."

"असू द्या, आबा," ती म्हणाली.

दुपारी घाट उतरू लागलो. सागाला पान नव्हतं. खाली दरीत कुठेही सावली दिसत नव्हती. तिसऱ्या वळणानंतर रस्त्यावर दगड मांडलेले होते.

सुपडूने ब्रेक दाबला. झाडीतून तिघे जण बाहेर आले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

मी रिव्हॉल्व्हर घेऊन उतरलो. हात थरथरत होता. कुऱ्हाडवाल्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि हसला.

"रिकामी शे, नाना. तुमना हातच सांगस."

बाकीचे दोघे जीपच्या मागे निघाले. प्रमिला बसली होती तिकडे.

"तिच्याजवळ जाऊ नका," मी म्हणालो.

तेवढ्यात जीपमधून, माझ्या पाठीमागून, कोणीतरी अगदी शांतपणे म्हणालं,

"एक बस शे."

मी वळलो नाही.

दगडांकडे नळी केली आणि घोडा दाबला.

बार झाला.

दगडाची कपची उडाली. घाटात आवाज घुमत राहिला. ते तिघे कुऱ्हाड टाकून पळाले.

मी चक्री उघडली. एका घरात जळलेलं पितळ होतं. पाच घरं रिकामी. धूर निघत होता आणि धुरात कात-चुन्याचा वास होता.

प्रमिला मागे बसली होती. आता बाकाच्या मधोमध. चेहऱ्यावर घाम नव्हता. डावा हात कमरेवर ठेवलेला.

"बरी आहेस ना, पोरी?"

तिने मान हलवली.

परतीला नाक्यावर दुसराच शिपाई होता. त्याने सावलीतूनच हात केला, जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळीच सुपडू जीपची चावी घेऊन आला. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"नाना, मी आता येवाव नही."

"का? घाबरलास? संकट टळलं की रे."

त्याने आत बघितलं. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती.

"जातांना आरसामा मांगे बाई दिसनी," तो म्हणाला. "एकलीच. मी बोलनू नही."

"आणि येताना प्रमिला होती."

"येतांना बी एकच दिसनी, नाना." त्याने चावी उंबऱ्यावर ठेवली. "तीच."

तो गेला. मी चावी उचलून खुंटीला अडकवली. मग घागरीची आठवण झाली. मंजुळाच्या नावाची पहिली घागर. कोरी आणून स्वयंपाकघरात ठेवली होती, वर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी होतं.

आत गेलो. घागर पालथी घातलेली होती. डांगर चिरून ताटात ठेवलेलं.

ती चुलीपुढे पाठमोरी बसली होती, सांजोऱ्या तळत. झारा फिरवताना कमर हलली की डाव्या बाजूला काहीतरी किणकिणत होतं. पितळेवर पितळ वाजावं तसं.

मी घागर सुलटी करायला हात लावला.

"अहो," ती मागे न बघता म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ती."

प्रमिला मला आबा म्हणते.

मी घागरीवरचा हात काढला.

"बरं," मी म्हणालो.